कॉलेजची शॉर्ट फिल्म: कॅमेरा आणायच्या आधी काय, नंतर काय, अन् कुठल्या क्रमाने

दर सेमिस्टरला इंदूरच्या मास कॉम आणि फिल्म-टीव्ही प्रॉडक्शनच्या मुलामुलींच्या हार्ड डिस्क माझ्याकडे एडिटसाठी येतात, अन् बहुतेक वेळा अडचण एडिटची नसतेच. संवाद ऐकू येत नाहीत, एका सीनचा अर्धा भाग शूटच झालेला नाही, दोन कॅमेऱ्यांचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) वेगळा, ट्यूबलाइटचा प्रकाश फडफडतोय. मुलं मेहनती असतात, मेहनतीत काही कमी नसतं, पण क्रम उलटा झालेला असतो. आधी कॅमेरा बुक होतो, मग तारीख ठरते, मग गोष्ट शोधली जाते, आणि साउंडचा विचार शूटच्या आदल्या रात्री.

खालचं सगळं आठ-दहा मिनिटांची फिल्म, पाच-सहा जणांची टीम आणि शूटचे दोन दिवस धरून लिहिलंय. टप्पे याच क्रमाने करा. एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा घेऊ नका, कॅमेरावाला कितीही म्हणाला की याच वीकेंडला स्वस्तात देतो.

## १. गोष्ट, पण हाताशी काय आहे ते बघून

कागदावर आधी यादी करा. कुठलं घर फुकट मिळेल, कुणाची आजी किंवा काका कॅमेऱ्यासमोर बसायला तयार आहेत, कुणाच्या ओळखीचं दुकान सकाळी नऊच्या आधी उघडून मिळेल. मग त्यात बसणारी गोष्ट लिहा. उलटं केलं की स्क्रिप्टमध्ये हॉस्पिटल, पोलीस ठाणं आणि रेल्वे स्टेशन येतं आणि शेवटी तिन्ही गोष्टी एकाच वर्गखोलीत शूट होतात.

सराफ्यातला, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाण्याच्या बाजारातला, सीन प्रत्येकालाच हवा असतो. मी सरळ सांगते, पहिल्या फिल्ममध्ये संवादाचा सीन तिथे ठेवू नका. प्रत्येक दुकानाचा दिवा वेगळ्या रंगाचा, मागची माणसं कॅमेऱ्यात बघतात, अन् आवाज तर घेताच येत नाही. सराफा हवाच असेल तर पात्राला तिथून नुसतं चालत जाऊ द्या, बोलू देऊ नका, आणि बाजाराचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून आणा.

स्क्रिप्ट झाली की मोठ्याने वाचा आणि स्टॉपवॉच लावा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्रजी स्क्रीनप्लेच्या ठरावीक फॉरमॅटचा आहे, देवनागरीत टाइप केलेल्या किंवा हाताने लिहिलेल्या पानाला तो लागू पडत नाही. वाचताना माणूस दार उघडतो, बसतो, पाणी पितो तेवढा वेळ खरंच थांबा.

संवाद आपण घरात बोलतो तसेच लिहा. आपल्याकडे पोरगा आईला "मी येऊन राहिलोय" म्हणतो आणि पुढचं वाक्य अर्धं हिंदीत बोलतो. त्याच पोराच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली की चांगला नटसुद्धा खोटा वाटायला लागतो. माझ्या मते इथल्या मुलांच्या फिल्म्स सगळ्यात जास्त इथेच पडतात, कारण त्यांना वाटतं पडद्यावर शुद्धच बोललं पाहिजे.

सावधान: कुणाची छापलेली कथा घेत असाल तर आधी लेखी परवानगी घ्या. आपल्याकडे साहित्यावरचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. कॉलेजचं काम आहे म्हणून चालून जाईल असं धरू नका, कारण फिल्म उद्या फेस्टिव्हलला पाठवायची झाली की तिथे हक्कांचे कागद मागतात.

## २. ब्रेकडाउन आणि शॉट डिव्हिजन

ब्रेकडाउन म्हणजे प्रत्येक सीनला काय काय लागेल त्याची यादी. हा टप्पा सगळे गाळतात. म्हणून एक सीन घेऊनच दाखवते.

सुदामा नगरमधलं एक घर, स्वयंपाकघर, सकाळ. आजी पोहे करतेय. नातू येतो, ताट घेतो, खाता खाता सांगतो की नोकरी लागली पण पुण्याला जावं लागेल. आजी काही बोलत नाही, वरून अजून शेव घालते. बस, दीड मिनिटाचा सीन.

आता यात काय काय लागेल ते लिहा. पोहे प्रत्येक टेकला (तोच शॉट दरवेळी परत घेताना) ताटात तेवढेच दिसले पाहिजेत, म्हणजे एका वाटीने भागणार नाही, मोठं पातेलं भरून लागतील, आणि भिजवलेले पोहे दोन तासांनी गोळा होतात म्हणून दोनदा करावे लागतील, ते कोण करणार? वाफ दिसायला हवी असेल तर क्लोजच्या (अगदी जवळून घेतलेल्या शॉटच्या) आधी ताजे गरम हवेत. गॅस चालू असेल तर त्याचा आवाज येईल, म्हणून संवादाच्या शॉटमध्ये गॅस बंद. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवायचं, नाहीतर एका कटमध्ये आठ वाजलेले दिसतील आणि पुढच्या कटमध्ये साडेअकरा. नातवाच्या शर्टावर हळदीचा डाग पडू शकतो म्हणून तसलाच दुसरा शर्ट. शेवेचा डबा कुठल्या हातात, झाकण कुठे ठेवलं.

आणि खाणं. नट प्रत्येक टेकला वेगळ्या शब्दावर घास घेतो, मग वाइड (लांबून घेतलेला शॉट) आणि क्लोज जुळतच नाहीत. ठरवून टाका की "पुण्याला" म्हणण्याआधी एकच घास, नंतर चमचा ताटात ठेवायचा. तेवढं केलं तरी एडिट टेबलवरचं निम्मं भांडण मिटतं.

असं प्रत्येक सीनचं करा. रकाने: सीन नंबर, जागा, दिवस की रात्र, पात्रं, कपडे, वस्तू, आवाज, खास गोष्टी. वही चालते, स्प्रेडशीट असेल तर उत्तम.

त्यानंतर शॉट डिव्हिजन, म्हणजे सीन कुठल्या कुठल्या शॉटमध्ये घ्यायचा ते. वरच्या सीनला मास्टर (अख्खा सीन एका वाइडमध्ये), आजीवर नातवाच्या खांद्यावरून सजेशन, नातवावर आजीच्या खांद्यावरून सजेशन, शेव घालणाऱ्या हाताचा क्लोज, आणि शेवटी आजीच्या चेहऱ्याचा क्लोज. पाच शॉट पुरे झाले. वरून दिसणारा नकाशा काढा, दोन पात्रांमध्ये एक रेघ ओढा आणि कॅमेरा सगळ्या शॉटमध्ये त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. रेघ ओलांडली की आजी आणि नातू दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात, अन् बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही.

तपासा: एकूण शॉट मोजा. नवख्या युनिटचे दिवसाला पंधरा ते वीस शॉट नीट झाले तरी पुष्कळ. दोन दिवसांत साठ शॉट लिहिले असतील तर आत्ताच कापा, शूटच्या दिवशी कापाल तर जो नको तोच कापला जाईल.

## ३. रेकी, तीसुद्धा कानाने

जागा बघायला ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जा. संध्याकाळी जाऊन सकाळच्या सीनसाठी जागा पक्की करणं ही अगदी नेहमीची चूक.

आत गेल्यावर फोटो काढायच्या आधी सगळ्यांनी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं आणि काय ऐकू येतं ते लिहायचं. फ्रिज, पंखा, शेजारचा मिक्सर, शाळेची घंटा, देवळाचा भोंगा. आपल्या शहरात दोन गोष्टी हमखास विचारून घ्या. एक, कचऱ्याची गाडी गाणं लावून किती वाजता येते. दुसरं, नर्मदेचं पाणी कुठल्या दिवशी आणि किती वाजता येतं, कारण त्या वेळेला अख्ख्या गल्लीतल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि तो घरघराट एडिटमध्ये निघत नाही. घरमालकीण काकूंना विचारलं की मिनिटाला अचूक वेळ मिळते. त्या वेळा कॉल शीटमध्ये (शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकात) लाल पेनाने टाका.

मग एक टाळी वाजवा. खोली घुमली तर गाद्या, चादरी, सतरंज्या कुठून मिळतील ते बघून ठेवा. रिकाम्या हॉलमध्ये संवाद घ्यायचे नाहीत.

उजेडाचं बघताना फोनमधलं कंपास उघडा आणि खिडकी कुठल्या दिशेला आहे ते लिहा. कर्कवृत्त आपल्या जवळूनच, उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं, म्हणून मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. त्या महिन्यांत बाहेरचे सीन साडेनऊच्या आत नाहीतर पाचनंतर, मधल्या वेळात घरातले.

वीज: हजार वॉटचा एक हॅलोजन २३० व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर घेतो. घरातल्या साध्या छोट्या सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून असे दोन चालवले की वायर गरम होते. रामबागेतल्या वगैरे जुन्या घरांत तर वायरिंगही जुनं असू शकतं. एलईडी लाइट घ्या, किंवा गीझर-एसीच्या मोठ्या पॉइंटवरून वीज घ्या, आणि मेन स्विच कुठे आहे ते आधीच बघा.

## ४. परवानग्या आणि कागद

घरमालकाचं एक सहीचं पत्र, प्रत्येक कलाकाराचं संमतीपत्र, कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र. हे तीन कागद दोन-दोन प्रतींत सेटवरच्या फाइलमध्ये हवेत.

रस्त्यावर ट्रायपॉड उभा करायचा असेल तर त्या भागाच्या ठाण्यात आणि नगर निगममध्ये कॉलेजच्या पत्रासकट आधी अर्ज द्या. राजवाडा, लालबाग, छत्र्या (होळकरांच्या समाध्या) अशा सरकारी वास्तूंच्या आत शूटला संबंधित खात्याची लेखी परवानगी लागते. गार्डदादा ओळखीचे आहेत यावर शूट ठरवू नका, त्या दिवशी दुसरे कुणी ड्यूटीवर असतील.

ड्रोनचा नाद सोडा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत ड्रोन उडवायला एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी लागते आणि पश्चिम इंदूरचा मोठा भाग त्यात येतो. गच्चीवरून घेतलेला वाइड पुरतो.

लहान मूल घेत असाल तर कायद्याने बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. आई किंवा वडील सेटवर हवेतच. त्या मुलाचे शॉट सकाळी पहिले घ्या.

## ५. सेटिंगचा एक कागद, आणि आधी टेस्ट

आता कुठे कॅमेरा. टीममधल्या प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात, फोनमध्ये आणि रेकॉर्डरमध्ये सेटिंग एकसारखं असलं पाहिजे, म्हणून एक कागद करा आणि कॅमेऱ्याच्या बॅगेला चिकटवा:

फ्रेम रेट २५. शटर १/५० सेकंद. रिझोल्यूशन सगळीकडे एकच. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंगांचा तोल) ऑटो नाही, लॉक. ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

२५ आणि १/५० का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. फोनमध्ये बहुधा ३० फ्रेम असतात आणि शटर १/६० च्या आसपास जातं, मग ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली फडफड येते, ती शूट करताना छोट्या स्क्रीनवर दिसत नाही अन् घरी मोठ्या स्क्रीनवर दिसते. फोनवर शूट करणार असाल तर मॅन्युअल कंट्रोल देणारं कॅमेरा ॲप घ्या. आणखी एक, फोन बऱ्याचदा फ्रेम रेट चालता चालता कमी-जास्त करतो, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू सरकायला लागतो. अशा फाइल्स एडिटला घ्यायच्या आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या.

आवाजासाठी कॅमेऱ्यावरचा माइक फक्त सिंकच्या (चित्र आणि आवाज जुळवण्याच्या) कामाचा. खरा आवाज बूमवर (लांब काठीला लावलेल्या माइकवर), बोलणाऱ्याच्या डोक्याच्या वर दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या अगदी काठाबाहेर. लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) लावत असाल तर कपडे आधी बघा, कडक सिल्कच्या साडीचा पदर माइकवर घासला की सगळा टेक गेला, सुती कपडा त्या मानाने शांत. लेव्हल साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा म्हणजे कुणी ओरडलं तरी फाटत नाही. हेडफोन लावून एक माणूस फक्त ऐकत बसला पाहिजे, आणि आवाज खराब झाला म्हणून कट मागायचा हक्क त्याला द्या. हा हक्क कॉलेजच्या युनिटमध्ये साउंडवाल्या मुलाला कुणी देत नाही, तो बिचारा कोपऱ्यात गप्प बसून राहतो.

कार्ड मोजा. १०० मेगाबिटवर रेकॉर्ड करत असाल तर तासाला साधारण ४५ जीबी जातात. त्यावरून कार्ड आणि हार्ड डिस्क ठरवा.

तपासा: शूटच्या दोन दिवस आधी याच कॅमेऱ्यावर, याच रेकॉर्डरवर एक मिनिटाचा संवाद घ्या, कॉपी करा, एडिटमध्ये सिंक करा, एक्सपोर्ट करून टीव्हीवर लावा. ही अख्खी साखळी एकदा पार पडल्याशिवाय शूटला जायचं नाही.

## ६. शूटचा दिवस

कॉल शीट आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर गेलं पाहिजे. त्यात कोण किती वाजता, पत्ता, गाडी कुठे लावायची, कुठले सीन कुठल्या क्रमाने, जेवण किती वाजता. क्रम गोष्टीचा नसतो, जागेचा आणि उजेडाचा असतो.

प्रत्येक शॉटला हे असंच. आधी नटांना घेऊन ब्लॉकिंग (कुणी कुठे उभं राहायचं, कुठे जायचं), जमिनीवर टेपच्या खुणा. मग नटांना बाजूला बसवून लाइट. मग एक रिहर्सल साउंडसाठी. मग पंखा बंद, फ्रिज बंद, सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर, आणि मग टेक. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कुणी निघू शकत नाही. त्या काकूंचं दूध नासलं तर पुढच्या बॅचला कुणी घर देणार नाही.

वाइड आधी, क्लोज नंतर. वाइडमध्ये खोलीभर उजेड जुळवावा लागतो आणि तो सूर्याबरोबर सरकतो, क्लोज तुम्ही नंतर थर्माकोल (उजेड परतवायला) आणि एका लाइटवर जुळवू शकता. साउंड रोलिंग, कॅमेरा रोलिंग, क्लॅप, मग ॲक्शन. क्लॅप बोर्ड नसेल तर सीन-शॉट-टेक मोठ्याने म्हणून फ्रेममध्ये हाताने टाळी. कट म्हणायच्या आधी मनात पाच मोजा, एडिटरला ते पाच सेकंद सोन्यासारखे असतात.

एक जण वहीत लिहीत राहील: शॉट, टेक, ओके की एनजी (नो गुड, म्हणजे बाद), का एनजी. तोच प्रत्येक सेटअपचा फोनवर फोटो काढेल, डबा कुठे होता, बाही कितपत दुमडलेली होती.

जागा सोडायच्या आधी सगळ्यांना थांबवून मिनिटभर रूम टोन घ्या, म्हणजे त्या खोलीची नुसती शांतता. ज्या ओळी गाडीच्या हॉर्नखाली गेल्या त्या तिथल्या तिथे, त्याच माइकवर नटाकडून परत बोलवून घ्या.

सावधान: कॅमेऱ्यातले टेक सेटवर डिलीट करायचे नाहीत. एनजी टेकमधलाच एखादा श्वास किंवा मान वळवणं पुढे कामी येतं, आणि घाईत ओके टेक उडवलेले मी बघितलेत.

## ७. डेटा

भरलेलं कार्ड निघालं की त्याची लॉकची खिटी सरकवायची आणि ते वेगळ्या डबीत. एकच माणूस डेटा बघेल, दुसरा कुणी कार्डला हात लावणार नाही. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, दोन्हीवरची फाइलसंख्या आणि साइज कार्डाशी जुळवायची, मग दोन-चार क्लिप उघडून शेवटपर्यंत चालवून बघायच्या. त्यानंतरच कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यात. रात्री दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवू नका, एक एकाच्या घरी, दुसरी दुसऱ्याच्या घरी.

फोल्डरचं नाव तारीख, कॅमेरा, कार्ड नंबर असं. "न्यू फोल्डर दोन फायनल" बघून कुणाला काही कळत नाही.

## ८. एडिट

दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती कॉलेजच्या कामाला भरपूर होते. फक्त प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या, एकही फाइल आत घ्यायच्या आधी, टाइमलाइन फ्रेम रेट २५ करा. फाइल्स आत आल्या की प्रोजेक्टचं ते सेटिंग बदलता येत नाही. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी (फाइल्सच्या हलक्या प्रती) बनवा, मूळ फाइल्स हलवू नका.

क्रम: सिंक, मग सगळे ओके टेक गोष्टीच्या क्रमाने लावून असेंब्ली, मग रफ कट (पहिला कच्चा एडिट). रफ कटला म्युझिक लावू नका. म्युझिकखाली सगळंच बरं वाटतं आणि सीन लांबलाय हे कळत नाही. तीन अशा माणसांना दाखवा ज्यांनी स्क्रिप्ट वाचलेली नाही, आणि दाखवताना तोंड बंद ठेवा. मग बदल, मग पिक्चर लॉक. लॉक म्हणजे खरंच लॉक, त्यानंतर एकही कट हलवायचा नाही.

लॉकनंतर साउंड: आधी संवाद साफ आणि एका पातळीवर, मग खाली रूम टोन, मग गल्लीचा आवाज, भांडी, पावलं, शेवटी म्युझिक. त्यानंतर कलर, म्हणजे शॉटचे रंग आणि उजेड जुळवणं. बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी कलर करत बसतात आणि मग शॉट बदलला की सगळं परत.

सिनेमाची गाणी घेऊ नका, त्यांचे हक्क घेणं तुमच्या बजेटबाहेरचं आहे, आणि यूट्यूबवर टाकल्या टाकल्या क्लेम येतो. रियाज करणारी एखादी मैत्रीण किंवा काका शोधा, तंबोऱ्यावर चार आलाप रेकॉर्ड करा आणि त्यांचीही सही घ्या.

टायटल देवनागरीत टाकताना नीट बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते. तसं होत असेल तर टायटल दुसरीकडे बनवून चित्र म्हणून आत घ्या. आणि सगळ्यांची नावं एकदा त्या त्या माणसालाच वाचायला द्या.

## ९. एक्सपोर्ट आणि सबमिशन

दोन फाइल काढा. एक मोठी मास्टर, प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये, ती जपून ठेवायची. दुसरी एच.२६४, दाखवायला आणि अपलोडला. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट ३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि हे सबमिशनच्या काउंटरवर कळण्यात अर्थ नाही.

एक्सपोर्ट झालेली फाइल पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या नावापर्यंत न थांबवता बघा. मग ती पेन ड्राइव्हवरून, कॉलेजच्या ज्या हॉलमध्ये दाखवायची आहे तिथल्याच प्रोजेक्टरवर आणि स्पीकरवर, एक दिवस आधी लावून बघा. आवाज दोन्ही स्पीकरमधून येतोय का, रात्रीचा सीन प्रोजेक्टरवर पूर्ण काळा तर पडत नाही ना, कडेची सबटायटल कापली जात नाहीत ना. काळा पडत असेल तर त्या सीनचा उजेड थोडा वर आणून परत एक्सपोर्ट करा, त्यासाठीच हा एक दिवस हातात ठेवायचा.